काचेच्या बरणीत ठेवलेली सुकी फुले पावसाळ्यात बुरसतात. नेमके काय चुकते?

अबोली_बेळगाव

सर्वांना नमस्कार. मी बेळगावात टिळकवाडीला राहते. मे महिन्याच्या सुटीत मी घरातील लोणच्याच्या, मधाच्या आणि कॉफीच्या रिकाम्या बरण्या धुऊन घेतल्या आणि त्यांत सुकवलेली फुले घालून दिवाणखान्यातील फडताळासाठी शोभेच्या पाच बरण्या तयार केल्या. पाऊस लागेपर्यंत त्या फार सुरेख दिसत होत्या. आर्द्रा नक्षत्राचा पाऊस सुरू झाल्यावर मात्र पाचांपैकी चार बरण्या एकामागून एक बिघडल्या, आणि पाचवीला काही का झाले नाही हे मला अजून उमगलेले नाही. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

पहिल्या दोन बरण्यांत शेवंती आणि झेंडू होते. ही फुले मी गच्चीवर चार दिवस कडक उन्हात वाळवली होती. पाकळ्या हाताला कागदासारख्या कुरकुरीत लागत होत्या, त्यामुळे फुले पूर्ण वाळली असे समजून मी झाकणे घट्ट लावली. जुलैच्या पहिल्या आठवड्यात रोज सकाळी काचेच्या आतल्या बाजूला धुक्यासारखा ओलावा दिसू लागला आणि पुढच्या चार-पाच दिवसांत बुरशी आली. नीट निरखून पाहिले तेव्हा पाकळ्या स्वच्छ होत्या. राखाडी कापसासारखी बुरशी फक्त फुलाच्या बुडाशी, जिथे पाकळ्या हिरव्या वाटीत रोवलेल्या असतात तिथे, दाटून आली होती. तिसऱ्या बरणीत सुके गुलाब खोबरेल तेलात बुडवून ठेवले होते. पावसाचा गारठा वाढला तसे ते तेल थिजून पांढरे झाले आणि गुलाब दिसेनासे झाले. चौथ्या बरणीवर, पुस्तकात दाबून सुकवलेली फुले बाहेरून फेविकॉलने चिकटवली होती; तो थर आता दुधाळ झाला आहे आणि पाकळ्यांच्या कडा उचलल्या गेल्या आहेत. पाचव्या बरणीत फक्त कुरडूचे तुरे आणि भाताच्या लोंब्या आहेत. त्या मी गेल्या दिवाळीच्या सुमारास गावाहून आणून स्वयंपाकघरात उलट्या टांगून ठेवल्या होत्या. ती बरणी आजही जशीच्या तशी आहे.

शेवंती पुन्हा आणता येईल. माझी खरी काळजी वेगळी आहे. माहेरी, जांबोटीला, आईने लावलेले अबोलीचे झाड आहे. आई आता नाही. मे महिन्यात मी त्या झाडाची वीस-बावीस फुले आणून जुन्या टेलिफोन डिरेक्टरीत दाबून ठेवली; ती अजून तिथेच आहेत आणि त्यांचा केशरी रंगही बराचसा टिकून आहे. ती कोणत्या पद्धतीने बरणीत ठेवावीत, म्हणजे पुढचे पावसाळेही निभावतील? वरच्या चार चुका त्या फुलांच्या बाबतीत व्हायला नकोत.

निवृत्त_शिक्षक_निपाणी

ताई, आपण बुरशी नेमकी कुठे आली हे इतक्या बारकाईने लिहिले आहे, त्यामुळे निदान करणे सोपे झाले. मी अनेक वर्षे महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवले आणि विद्यार्थ्यांकडून वाळवलेल्या नमुन्यांचे संग्रह करून घेतले. त्या कामात हीच चूक दरवर्षी पाहावी लागे.

शेवंती आणि झेंडू ही सूर्यफुलाच्या कुळातील फुले आहेत. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो खरे तर शेकडो बारीक फुलांचा गुच्छ असतो आणि ती सर्व फुले एका जाड, मांसल गादीवर बसलेली असतात. त्या गादीला पुष्पासन म्हणतात. पाकळ्या एका दिवसात वाळतात, पण पुष्पासन बाहेरून सुकल्यासारखे दिसले तरी आतून कित्येक दिवस ओले राहते. ताज्या फुलाच्या वजनात ८० टक्क्यांहून अधिक पाणीच असते आणि ते सर्वांत शेवटी या गादीतून बाहेर पडते. आपण झाकण लावलेत तेव्हा ते पाणीही बरणीत कोंडले गेले. रात्री काच गार झाली की त्याचेच दव आतून धरत होते. म्हणजे आपल्या बरण्या बाहेरच्या पावसाने बिघडल्या नाहीत, त्या आतल्या पाण्याने बिघडल्या. कुरडू आणि लोंब्या यांची गोष्ट उलट आहे. त्यांना अशी मांसल गादी नसते, त्या मुळातच कोरड्या प्रकृतीच्या असतात, आणि आपण त्या दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सहा महिने टांगून ठेवल्या होत्या.

फूल वाळले की नाही हे पाकळीला हात लावून कधीही ठरवू नये. एक फूल बळी द्यावे आणि त्याचे बूड नखाने मोडून पाहावे: कट्‌कन आवाज होऊन तुटले तर वाळले, वाकले किंवा चिवट लागले तर अजून वेळ आहे. याहून खात्रीची परीक्षा वजनाची. स्वयंपाकघरातील काट्यावर एकच फूल ठेवले तर फरक कळत नाही, म्हणून सात-आठ फुले एकत्र तोलावीत, आकडा लिहून ठेवावा आणि रोज त्याच वेळी पुन्हा तोलावे. लागोपाठ दोन दिवस वजन तेवढेच भरले की समजावे, आता त्यात निघण्यासारखे पाणी उरलेले नाही.

उन्हाबद्दलही लिहिणे आवश्यक आहे, कारण आपल्याकडे वाळवण म्हटले की पापड-कुरड्यांप्रमाणे गच्ची आठवते. कडक उन्हाने पाणी जाते, पण रंगही जातो. फुले सावलीत, वारा खेळता असलेल्या जागी, देठाला दोरा बांधून उलटी टांगावीत. उलटी अशासाठी की देठ सरळ वाळतो आणि मान मोडत नाही. हे सर्व कार्तिकापासून माघापर्यंत उत्तम जमते. आता श्रावणात असे टांगलेले फूल वाळण्याआधीच काळे पडेल.

आत्ताच करायचे असेल तर सिलिका जेल घ्यावे. बुटांच्या खोक्यात येणारी लहान पुडी येथे उपयोगाची नाही; बारीक, साखरेसारख्या दाण्यांचे किलोभर तरी हवे. निळे दाणे मिळतात ते ओलावा शोषल्यावर गुलाबी होतात. मात्र तो निळा रंग कोबाल्ट क्लोराइडचा असतो आणि ते विषारी असल्यामुळे घरात मुले असतील तर नारिंगी रंगाचे, कोबाल्ट नसलेले दाणे घ्यावेत. हवाबंद डब्यात दोन-तीन सेंटिमीटरचा थर द्यावा, शेवंती तोंड वर करून त्यावर बसवावी, आणि चमच्याने कडेकडेने दाणे सोडत पाकळ्यांच्या मधल्या फटींपर्यंत भरावेत. घाईने वरून ओतल्यास पाकळ्या चेपतात आणि मग त्या तशाच चेपलेल्या वाळतात. डबा घट्ट बंद करावा. शेवंती आणि गुलाब यांना पाच ते सात दिवस पुरतात. काढताना फूल ओढू नये. डबा तिरका करून दाणे ओघळू द्यावेत आणि उरलेले मऊ कुंचल्याने झाडावेत. ओले झालेले दाणे या कामासाठीच ठेवलेल्या जुन्या कढईत मंद आचेवर मूळ रंग येईपर्यंत तापवले की पुन्हा वापरता येतात. त्या कढईत नंतर अन्न शिजवू नये.

एका गोष्टीकडे फारसे कोणी लक्ष देत नाही, तिचा इशारा निपाणीच्या माणसाने द्यायलाच हवा. आमच्याकडे तंबाखूच्या वखारींत जो बारीक तपकिरी किडा लागतो, तो फक्त तंबाखूवर जगत नाही. मसाले, वाळलेली पाने, वाळलेली फुले, सर्व काही तो पोखरतो. बरणीच्या तळाशी पिठासारखा भुसा दिसू लागला आणि पाकळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी भोके पडली, तर ते याचेच काम समजावे. त्याची अंडी फुलाबरोबरच आत येतात, त्यामुळे घट्ट झाकणाचा उपयोग होत नाही. उपाय सोपा आहे: पूर्ण वाळलेली फुले प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात एक आठवडा ठेवावीत. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नये. ती खोलीच्या तापमानाला आल्यावरच उघडावी, नाहीतर थंड फुलांवर हवेतले पाणी बसते आणि सगळी मेहनत वाया जाते. आपल्या अबोलीच्या फुलांसाठी हे सर्वांत आधी करावे, कारण जुन्या कागदांतही किडे असतात.

शहापूरची_सून

अबोलीताई, चौथ्या बरणीबद्दल मी लिहिते, कारण बाहेरून फुले चिकटवण्याचे काम मी बरेच केले आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून मी चाळीस लहान बरण्या अशा सजवून दिल्या होत्या. त्यांतल्या बऱ्याच अजून लोकांच्या घरी आहेत, आणि पहिल्या पावसाळ्यात ज्या बिघडल्या त्यांनी मला पुष्कळ शिकवले.

फेविकॉल पाण्यात कालवलेला असतो. तो वाळल्यावर पारदर्शक होतो, पण ओल्या हवेत पुन्हा पाणी ओढून घेतो आणि दुधाळ दिसू लागतो. म्हणून तो वापरायचाच असेल तर त्याच्यावर पाणी अडवणारा थर हवा. मी आधी काच स्पिरिटने पुसते, कारण बोटाचे तेल जिथे लागलेले असते नेमकी तिथेच पाकळी सुटते. नंतर फेविकॉलमध्ये थोडे पाणी घालून सपाट कुंचल्याने पातळ थर देते, दाबून सुकवलेले फूल चिमट्याने ठेवते आणि मधून कडेकडे कुंचला फिरवत हवा बाहेर काढते. चोवीस तासांनी वरून आणखी एक पातळ थर, आणि तो पूर्ण वाळला की पारदर्शक ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात. वॉर्निश पावसाच्या दिवशी लावू नये; ओल्या हवेत त्याच्यावर पांढरी झाक येते आणि ती पुसून जात नाही. माझ्या चाळीसांपैकी अकरा बरण्या अशाच गेल्या, कारण थर वाळेपर्यंत थांबण्याचा धीर मला नव्हता.

पण तुमच्या आईच्या अबोलीसाठी मी गोंद अजिबात वापरणार नाही. गोंद लागले की ते फूल कायमचे त्या काचेचे झाले. पुढे काही बिघडले तर ते सोडवून घेता येत नाही. त्याऐवजी एकात एक बसतील अशा दोन बरण्या घ्याव्यात, म्हणजे बाहेरची रुंद तोंडाची आणि आतली तिच्यापेक्षा अगदी थोडी बारीक, सरळ अंगाची. दोन्हींच्या मध्ये कागदाच्या दोन-तीन घड्या जातील एवढीच फट असावी. दाबलेली फुले त्या फटीत वरून चिमट्याने सोडावीत, दोन्ही काचांच्या मध्ये ती अलगद अडकून राहतात. लांबून पाहिले तर फुले काचेच्या आतच उमलल्यासारखी वाटतात. आतली बरणी मोकळी राहते, तिच्यात बॅटरीवर चालणारी बारीक दिव्यांची माळ ठेवली की संध्याकाळी पाकळ्यांच्या शिरा दिसतात. मेणबत्ती किंवा पणती मात्र अशा कोणत्याही बरणीत ठेवू नये. सुकी फुले आणि वॉर्निश, दोन्ही पेट घेतात.

बरण्यांच्या स्वच्छतेबद्दल थोडे. वरचा कागद सुटत नसेल तर बरणी खाण्याचा सोडा घातलेल्या कोमट पाण्यात रात्रभर ठेवावी आणि उरलेल्या चिकट डागावर खोबरेल तेल चोळून अर्ध्या तासाने पुसावे. एकदा मी घाईने गार बरणीत एकदम उकळते पाणी ओतले आणि ती माझ्या हातातच उभी चिरली. दोन टाके पडले. लोणच्याचा वास काचेला राहत नाही, तो झाकणाच्या आतल्या रबरी चकतीत राहतो, म्हणून झाकण वेगळे उन्हात ठेवावे किंवा सरळ बदलावे.

घरात जुनी बरणी असेल तर तिच्यावर काहीही चिकटवण्याआधी दोनदा विचार करावा. माझ्या सासूबाईंकडे एक जाड, किंचित हिरवट काचेची बरणी आहे. ती कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीची, असे त्या सांगतात. १९१६ साली सुरू झालेल्या ज्या ओगले काच कारखान्याचे प्रभाकर कंदील आमच्या आजोळी घरोघर असत, तिथली. वाळूतल्या लोहाच्या अंशामुळे काचेला तशी हिरवी झाक येते. तिच्यात मी फक्त भाताच्या लोंब्या उभ्या ठेवल्या आहेत, आणि त्या हिरव्या काचेतून त्या सोनेरी लोंब्या अशा दिसतात की आणखी काही करावेसे वाटत नाही.

खानापूर_शेतकरी

सिलिका जेल सर्वांना परवडेल असे नाही, म्हणून वाळूबद्दल लिहितो. आमच्या घरी मलप्रभेच्या काठची बारीक वाळू वापरून फुले सुकवतात. वाळू पाणी नितळ निघेपर्यंत धुवावी लागते, नाहीतर तिच्यातला गाळ पाकळ्यांना चिकटून राहतो. मग ती उन्हात वाळवून, कढईत भाजून, पूर्ण गार करून पिठाच्या चाळणीने चाळावी.

सिलिका जेल आणि वाळू यांत एक मोठा फरक आहे, तो ध्यानात न घेतल्यामुळे माझ्या बहिणीची सगळी फुले कुजली होती. सिलिका जेल पाणी स्वतः शोषून घेते, म्हणून त्याचा डबा बंद हवा. वाळू काहीच शोषत नाही. ती फक्त फुलाला आधार देते आणि फुलातले पाणी आपल्या दाण्यांमधून हवेत जाऊ देते. त्यामुळे वाळूचा डबा उघडाच ठेवायचा असतो आणि बाहेरची हवा कोरडी असेल तरच हे जमते. दिवाळीनंतर दोन-तीन आठवडे लागतात. आमच्या खानापूरच्या पावसात वाळूचा प्रयोग करूच नये.

आणखी एक विनंती. भीमगडच्या जंगलातून किंवा चोर्ल्याच्या सड्यावरून रानफुले तोडून आणू नयेत. भीमगड अभयारण्य आहे, तेथून काहीही आणणे कायद्याने गुन्हा आहे. शिवाय कारवीसारखे झुडूप सात वर्षांतून एकदाच फुलते आणि त्याचे बी धरायचे असते. शोभेसाठी कुरडू पुरेसा आहे. तो शेतातला तणच आहे, बांधावरून कितीही काढला तरी शेतकरी आभारच मानेल. तुरा खालून चंदेरी आणि वर गुलाबी दिसू लागला की तोडावा. बी काळे होऊन गळू लागेपर्यंत थांबू नये, नाहीतर बरणीच्या तळाशी राईसारखे दाणे साठतात.

कारवारकर

आमच्या कारवारला समुद्राची हवा बारा महिने ओली असते, त्यामुळे कोरड्या फुलांच्या बरण्यांचा नाद मी सोडला आणि तेलात फुले ठेवण्याकडे वळलो. जपानमध्ये ही कला हर्बेरियम या नावाने लोकप्रिय आहे: पूर्ण वाळलेली फुले पारदर्शक बाटलीत रचतात आणि वरून खनिज तेल भरतात. तेलात हवा आणि पाणी फुलापर्यंत पोहोचत नाहीत, म्हणून बुरशी येत नाही.

खोबरेल तेलाची चूक मीही केली आहे. ते साधारण २४ अंश सेल्सिअसच्या खाली थिजू लागते, आणि बेळगावचा जुलै त्याहून गार असतो. शेंगदाण्याचे किंवा सूर्यफुलाचे तेल थिजत नाही, पण हवेशी संयोग होऊन काही महिन्यांत खवट आणि पिवळे होते. त्यासाठी औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन घ्यावे. त्याला रंग नसतो, वास नसतो आणि ते खवट होत नाही. फुलात थोडाही ओलावा राहिला तर मात्र दोन दिवसांत तेल गढूळ होते, त्यामुळे निपाणीच्या सरांनी सांगितलेली वजनाची परीक्षा येथेही चुकवता येणार नाही.

या कामात मला सर्वांत मोलाची गोष्ट रंगांबद्दल कळली. झेंडूचा पिवळा-केशरी रंग कॅरोटिन वर्गातील द्रव्यांचा असतो. ती द्रव्ये तेलात विरघळतात. म्हणून झेंडू कोरड्या बरणीत वर्षानुवर्षे छान दिसतो, पण तेलात टाकला की हळूहळू तेलच पिवळे होते आणि फूल फिके पडते. गुलाबाचा लाल रंग, बोगनवेलीचा जांभळा-गुलाबी रंग, कुरडूचा आणि ज्याला बटणफूल म्हणतात त्या गोम्फ्रेनाचा रंग, हे सर्व पाण्यात विरघळणारे आहेत. ते तेलात उतरत नाहीत. म्हणून तेलासाठी ही फुले निवडावीत. लाल गुलाब वाळताना काळपट होतो हे खरे, पण गुलाबी गुलाब वाळल्यावर लाल होतो आणि तेलात तो माणकासारखा दिसतो. पांढरी फुले तेलासाठी घेऊ नयेत. पाकळीतल्या हवेच्या बारीक पोकळ्यांमुळे ती पांढरी दिसते. त्या पोकळ्या तेलाने भरल्या की पाकळी आरपार दिसू लागते आणि फूल जवळजवळ नाहीसे होते.

भरताना बाटली तिरकी धरून काचेच्या अंगावरून तेल सोडावे, म्हणजे बुडबुडे कमी येतात. जे येतील ते चोवीस तासांत वर येतात, तोपर्यंत झाकण लावू नये. सुकी फुले हलकी असल्यामुळे तरंगतात, म्हणून मी देठांना पारदर्शक दोऱ्याने लहान गोटा बांधतो किंवा आडवी गवताची काडी बाटलीच्या खांद्यात अडकवून त्यांना खाली धरतो. गळ्याशी दीड-दोन सेंटिमीटर जागा मोकळी सोडावी, कारण उन्हाळ्यात तेल प्रसरण पावते आणि काठोकाठ भरलेली बाटली झाकणातून पाझरते. ही बाटली देव्हाऱ्यातल्या समईपासून आणि लहान मुलांच्या हातापासून दूर असावी. हे तेल मुलाने तोंडात घेतले आणि ते श्वासनलिकेत गेले तर फुप्फुसांना गंभीर इजा होते. बिघडलेले तेल मोरीत ओतू नये.

ताई, अबोलीची फुले तेलात घालण्याआधी एक पाकळी औषधाच्या लहान कुपीत तेल घेऊन त्यात आठवडाभर ठेवून पाहावी. तेलाला केशरी रंग चढला तर शहापूरच्या वहिनींची दोन बरण्यांची पद्धतच योग्य.

वडगावची_विद्यार्थिनी

मायक्रोवेव्हमध्ये सिलिका जेलसह फुले दोन-तीन मिनिटांत वाळतात असे मी चित्रफितींमध्ये पाहिले आहे. बेळगावच्या पावसात ते सोयीचे नाही का?

निवृत्त_शिक्षक_निपाणी

वाळतात, परंतु मी ते घरी करण्यास सांगणार नाही. फुलाच्या जाडीप्रमाणे वेळ बदलते, काही सेकंद जास्त झाले की फूल करपते, आणि बाहेर काढल्यावरही ते दाण्यांतच बंद ठेवून अनेक तास निवू द्यावे लागते, त्यामुळे वेळेची बचत दिसते तेवढी होत नाही. मुख्य म्हणजे निळे दाणे ज्या यंत्रात तापवले त्यात जेवण गरम करणे योग्य नाही. आठवडाभर थांबण्याची तयारी असेल तर हवाबंद डबा पुरेसा आहे; त्याला बाहेरच्या पावसाशी काही देणेघेणे नसते.

अबोली_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. सर, वहिनी, आपण दोघांनी सांगितल्याप्रमाणे सुरुवात केली, त्याची हकिकत लिहिते.

आधी शेवंतीवर प्रयोग करायचा असे ठरवले. वरमहालक्ष्मीच्या आदल्या दिवशी फुले महाग असतात, म्हणून सण उलटल्यावर बाजारात गेले. फुलवाल्या अक्का कन्नड बोलतात. त्यांना शेवंतीसाठी सेवंतिगे आणि अबोलीसाठी कनकांबर म्हटले की चेहरा खुलतो. त्यांच्याकडून पिवळी शेवंती आणली, सात फुले निवडली आणि देठ दोन सेंटिमीटर ठेवून कापले. ताज्या फुलांचे वजन ५८ ग्रॅम भरले. नारिंगी सिलिका जेलमध्ये बुडवून डबा बंद केला. चौथ्या दिवशी कुतूहलाने एक फूल काढून बूड मोडून पाहिले. पाकळ्या तेव्हाच कुरकुरीत होत्या, मात्र बूड आतून हिरवट आणि रबरासारखे चिवट होते. मे महिन्यात मी याच टप्प्यावर झाकण लावले होते, हे तेव्हा प्रत्यक्ष दिसले.

अबोलीची फुले डिरेक्टरीतून काढली. मोजून एकवीस निघाली. त्यांतील दोन पानांच्या शिवणीत अडकून फाटली होती. त्यांपैकी एकीची पाकळी कारवारच्या दादांनी सांगितल्याप्रमाणे कुपीतल्या तेलात टाकली. तिसऱ्या दिवशीच तेलाला फिकट केशरी झाक दिसली, त्यामुळे तेलाचा विचार सोडला. उरलेली एकोणीस फुले पिशवीत बंद करून बर्फाच्या कप्प्यात आठवडाभर ठेवली आणि पिशवी संध्याकाळपर्यंत टेबलावर तशीच राहू देऊन मग उघडली. एकात एक बसणाऱ्या बरण्या मिळायला वेळ लागला; शेवटी खडेबाजारात भांड्यांच्या दुकानात एक रुंद बरणी मिळाली आणि तिच्यात घरातील कॉफीची बरणी नेमकी बसली.

वहिनी, एक शंका आहे. दोन बरण्यांच्या मधली फट वरून उघडी राहते. तिच्यातून दमट हवा आत जाणार नाही का?

शहापूरची_सून

जाईल, म्हणून ती बंद करावी लागते. आधी बाहेरच्या बरणीच्या तळाशी सिलिका जेलचा एक चमचा दाणे पातळ कापडाच्या पुरचुंडीत ठेवावेत आणि त्यावर आतली बरणी बसवावी. पुरचुंडी दिसू नये म्हणून कडेने थोडी वाळलेली गवताची पाती लावावीत. फुले सोडून झाली की बाहेरच्या बरणीचे झाकण लावून टाकावे. आतली बरणी काठाच्या खाली राहत असेल तर हे सहज जमते. दिव्यांची माळ आधीच आत ठेवावी. झाकणाच्या आट्यांवर नळाच्या कामाला वापरतात ती पांढरी टेफ्लॉनची पट्टी तीन-चार वेढे गुंडाळली की हवा शिरत नाही. हे सर्व पाऊस उघडलेल्या दिवशी दुपारी करावे, आणि बरण्या त्याआधी तासभर उन्हात तापवून घ्याव्यात.

अबोली_बेळगाव

काल दुपारी दोन वाजता ऊन पडले. बरण्या गच्चीवर तापवून खाली आणल्या आणि चिमट्याने एक-एक करून एकोणीस फुले फटीत सोडली. त्यांतली तीन आडवी अडकली आहेत, ती तशीच राहू दिली. झाडाखाली पडलेली अबोली अशीच वेडीवाकडी पडलेली असते. टेफ्लॉन लावून झाकण बंद केले. आज सकाळी पाहिले, काचेवर दव नाही.

शेवंतीची उरलेली सहा फुले अजून डब्यात आहेत. परवा त्यांचे वजन ९ ग्रॅम होते, काल ८ आणि आज सकाळी पुन्हा ८. उद्याही ८ भरले तर ती बर्फाच्या कप्प्यात जातील, आणि गौरी यायच्या आत बरणीत.